करंट कुठवर आला

चालता चालता बंद पडलेला संगणक वेगळा आणि जोडून झाल्यावर एकदाही सुरू न झालेला संगणक वेगळा. पहिल्याला पूर्वायुष्य असतं. काल रात्रीपर्यंत तो चालत होता, म्हणजे काल रात्रीपर्यंत त्याचा प्रत्येक भाग धड होता. मधल्या वेळात काय झालं एवढंच शोधायचं असतं. वीज कडाडली, डीपीवर फेज उडाला, उंदरानं वायर कुरतडली, काही ना काही सापडतं. दुसऱ्याला पूर्वायुष्यच नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस, सगळे आत्ताच खोक्यातून निघालेले, एकमेकांना पहिल्यांदाच भेटलेले. त्यांतला एक तरी चांगला आहे याची ग्वाही द्यायला कुणी नाही. सगळे सारखेच संशयित. आणि ज्यानं ते जोडले, त्याचे हातही त्याच रांगेत. मुलगा पहिल्यांदाच जोडत असेल तर त्या रांगेत त्याचे हात सगळ्यात पुढे असतात. बटण दाबून काही झालं नाही की तो आधी यंत्राकडे बघतच नाही, आपल्या बोटांकडे बघतो.

माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, औंढा तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि औंढा नागनाथला एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावतो. अल्बम लावणं हे आमच्या भागात आता चांगलं रुजलेलं काम आहे. नवरा-नवरीचे फोटो कापायचे, मागे महाल नाहीतर डोंगर टाकायचा, हळदीच्या पानावर पिवळा रंग उठून दिसला पाहिजे, वरातीच्या पानावर दिवे. लग्नसराईत स्टुडिओतला एकच संगणक तिघांमध्ये फिरतो. घरी स्वतःचा असला तर रात्रीही काम करता येईल, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्या ताकदीचा तयार संगणक परवडत नव्हता. सुटे भाग घेऊन स्वतः जोडला तर परवडत होता. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळद विकून आल्यावर दाजींनी पैसे दिले. बहुतेक भाग कुरियरनं हिंगोलीला माझ्या पत्त्यावर आले. डबा, म्हणजे कॅबिनेट, तेवढा नांदेडच्या एका दुकानातून जुना आणला. नवीन पत्र्यावर पैसे कशाला घालायचे, हे दाजींचं म्हणणं भाच्यालाही पटलं.

घरात बसून संगणक जोडता येतो, ही आता साधी बाब वाटते. पण त्यामागे एक मोठा करार आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमनं आपला पीसी बाजारात आणला. त्याच्या आतल्या जोडण्यांची माहिती कंपनीनं लपवून ठेवली नाही, त्यामुळे बाहेरचे कारखाने त्याला बसतील असे भाग बनवू लागले. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं. बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ रुंद, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, विजेची जोडणी अमुक पद्धतीची. दोन वर्षांनी त्याचंच धाकटं भावंड आलं, मायक्रो-एटीएक्स, २४४ बाय २४४ चं. कुठल्या तरी देशातल्या कारखान्यात नुकताच तयार झालेला बोर्ड आणि नांदेडला कोपऱ्यात धूळ खात पडलेला डबा एकमेकांत बसतात, ते या मापांच्या भरवशावर. आपल्याकडे पान्ह्यापासून पाइपपर्यंत माप जुळेल तर शपथ. इथे तीस वर्षं एक माप टिकलंय आणि ते कुणाच्याही घरात उपयोगी पडतंय. मला याचं फार अप्रूप आहे. अर्थात माप दोन प्रकारचं आहे हेही लक्षात ठेवायचं. पुढे त्याचाच संबंध आला.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा जोडणी होत आली होती. पाटावर धुतलेला टॉवेल, त्यावर स्क्रू ओळीनं मांडलेले, प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावून पंखा बसवलेला. भाच्याची बोटं इतकी जपून चालत होती की बाहेर ओरडणारी लहान पोरंसुद्धा खोलीत आली की गप्प होत. बाहेर वळवाचं आभाळ भरून आलं होतं, पण लाइट टिकून होती. त्यानं मॉनिटरची केबल लावली, मागचं काळं बटण दाबलं, मग पुढचं.

प्रोसेसरवरचा पंखा हलला. अर्धा फेरा झाला असेल नसेल, थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेवढंच. आतून एक बारीक ‘टिक’ आला आणि पाती थांबली. बोर्डाच्या कडेला चार चिमुकले दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट यांच्या नावाचे; अडचण कुठे आहे ते त्यांनी सांगायचं असतं. त्यांतला एकही नीट लागला नाही. पूर्ण मेलेल्या यंत्रापेक्षा हे जास्त छळणारं असतं. त्यात काहीतरी जिवंत आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पुढे जे झालं ते कुठल्याही गावात झालं असतं. गल्लीतली चार माणसं आली. एकानं सांगितलं रॅम काढून खोडरबरानं घास. एकानं सांगितलं बोर्डावरचा सेल काढून परत घाल. कुणी म्हणालं प्रोसेसरच उलटा बसलाय, कुणी म्हणालं जुना डबा घ्यायलाच नको होता. फोनवर मित्र होते, त्यांची मतं आणखी वेगळी. गंमत अशी की यातला एकही सल्ला वेडगळ नव्हता. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसतो आणि रबरानं घासला की निघतो, हे खरं आहे. तीन व्होल्टचा तो गोल सेल काढला की बोर्ड आपल्या साठवलेल्या सेटिंग विसरून कोऱ्या पाटीनं सुरू होतो, हेही खरं. प्रोसेसरजवळ जाणारी वेगळी चार किंवा आठ पिनांची वायर लावायची राहून जाणं, हा तर पहिल्या जोडणीतला नेहमीचा प्रकार. भाच्यानं ती लावलेली होती. पण खऱ्या गोष्टींचा असा ढीग झाला की माणूस एका दमात चार बदल करतो, आणि मग चालू झालं तरी कशानं झालं ते कळत नाही, बिघडलं तरी कशानं बिघडलं तेही नाही. त्यात माल परत करायची मुदत डोक्यावर. मुदतीच्या आत कुठला भाग खराब ते कळलं नाही तर सगळंच अंगावर.

तेवढ्यात शेजारच्या एकानं खिशातून टेस्टर काढला आणि डब्याच्या पत्र्याला लावला. टेस्टर पेटला.

खोलीचा रंगच बदलला. ‘शॉर्ट आहे, शॉर्ट आहे’ म्हणत सगळे मागे सरले. भाच्यानं पत्र्याला बोटाची मागची बाजू लावून पाहिली, झिणझिण्या आल्या. निकाल लागला : एसएमपीएस खराब, आणि त्यानं बोर्डही जाळला असणार. दाजी काही बोलले नाहीत, उठून ओसरीत जाऊन बसले. मला त्या क्षणी हळदीचे ढीग दिसले, ते उकडण्याचे दिवस दिसले, मार्च महिन्यातली धग दिसली.

या टेस्टरच्या गोष्टीपाशी थोडं थांबावं लागेल, कारण आमच्या भागात कितीतरी चांगल्या यंत्रांवर याच पुराव्यानं दोष ठेवला जातो. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. यंत्रातला विजेचा केरकचरा जमिनीत सोडून देणं हे त्यांचं काम. सॉकेटला अर्थिंग असेल तर तो मुकाट्यानं जमिनीत जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध लोंबकळत राहतो. दोनशे तीसच्या निम्म्यावर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपास. पण त्यातून वाहणारा करंट अगदी नगण्य असतो. बोटाला झिणझिण्या याव्यात आणि टेस्टरमधला निऑन पेटावा एवढाच. टेस्टर पेटायला तर करंट लागतो किती! म्हणजे डब्याला टेस्टर पेटला याचा अर्थ घराला अर्थिंग नाही. यंत्र जळालंय असा अर्थ त्यातून निघत नाही. ताईच्या घराला अर्थिंग नव्हतंच. आमच्या गावांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. ही उणीव खरी होती आणि धोक्याचीही होती, ती मिटवायलाच हवी होती. फक्त त्या रात्री आम्ही शोधत होतो तो बिघाड हा नव्हता. एका घरात दोन दोष एकाच वेळी असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसू शकतो. शोध घेणाऱ्या माणसाला हे पचवायला सगळ्यात जड जातं.

इतका वेळ ताई दाराशी उभी होती. ताई संगणकाला हात लावत नाही, पण शेतातली मोटर तिच्याच हातात असते. शेतीची लाइट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आठ तासांची पाळी. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं तिला चुकलेलं नाही. मोटर उठली नाही तर काय करायचं, हे ती कुणाकडून शिकली नाही. अंधारात उभं राहून शिकली. डीपीवर तिन्ही फेज आहेत का. आपल्या फ्यूजपर्यंत आलेत का. स्टार्टरच्या खाली उतरलेत का. केबल कुठे तुटली का. आणि मोटर सगळ्यात शेवटी, कारण ती वर काढायची म्हणजे दोन माणसं आणि अर्धा दिवस. ‘मोटर जळाली’ हे वाक्य गावात सगळ्यात आधी बोललं जातं, ताई ते सगळ्यात उशिरा बोलते.

ती पोराला म्हणाली, “सगळं खराब, सगळं खराब, असं का करू लालास? करंट कुठवर येऊ लालाय ते बघ की आधी.”

या एका वाक्यानं खोलीतला प्रश्न बदलला, असं मला आजही वाटतं. काय मेलंय, हा प्रश्न माणसाला हतबल करतो. त्याला उत्तरं शंभर आणि प्रत्येक उत्तर महागाचं. कुठपर्यंत जिवंत आहे, याला मात्र एका वेळी एकच उत्तर असतं आणि ते तपासता येतं. इथपर्यंत आहे, ठीक. आता पुढचा टप्पा. भाचा हुशार आहे, त्यानं जोडणीबद्दल बरंच पाहिलं-वाचलं होतं. माहितीची वाण त्याला कधीच नव्हती. आईच्या या बोलण्यानं त्याला त्या माहितीत शिरायला दार मिळालं.

त्यानं गल्लीतल्या माणसांना चहा दिला आणि सगळं बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली. भिंतीतल्या सॉकेटला टेबल लँप लावला, लागला. मग एसएमपीएस एकटा. त्यातून निघणाऱ्या चोवीस भोकांच्या जाड जोडणीत एक हिरवी वायर असते. बोर्डाला सुरू व्हायचं असतं तेव्हा तो ही हिरवी वायर काळ्या वायरीला टेकवतो, म्हणजेच ‘चालू हो’ असा निरोप देतो. बोर्ड नसला तरी हा निरोप आपण देऊ शकतो. भाच्यानं अल्बमच्या कागदांची यू पिन सरळ केली आणि हिरव्या-काळ्या भोकांत घातली. एसएमपीएसचा पंखा गरगर फिरू लागला आणि फिरतच राहिला. दाजी ओसरीतून आत आले. खराब ठरलेला पहिला आरोपी सुटला होता.

मग त्यानं बोर्ड डब्यातून सोडवला, बाहेर काढला आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता त्यावरच ठेवला. ही कल्पनाही आमच्याकडे नवीन नाही. पाण्यात न चालणारी मोटर वर काढतात आणि रिवायंडिंगवाल्याकडे सिरीजच्या बल्बवर बघतात. आजूबाजूचं सगळं बाजूला करून त्या एका वस्तूलाच विचारतात. बोर्डावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी, तीही बोर्डाच्या पुस्तकात सांगितलेल्या खाचेत. बाकी सगळं काढलं. बटणही डब्यावर राहिलं, त्यामुळे बटणाच्या दोन पिनांना त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला.

कुणी ओरडलं नाही, कारण डिस्प्ले आलेला नव्हता. प्रोसेसरचा दिवा लागला, विझला. रॅमचा दिवा लागला आणि तिथेच अडकला. मॉनिटर काळा. भाच्याचा हात स्विचकडे गेला. ताई म्हणाली, “थांब. फिरू लालाय ना? फिरू दे.” बाहेर पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते. नव्या पिढीच्या रॅमचं असं असतं की पहिल्यांदा वीज मिळाल्यावर बोर्ड तिच्याशी बराच वेळ चाचपणी करतो, कुठल्या वेगानं, किती व्होल्टवर बोलणं जमेल ते एकेक करून ठरवतो. त्याला काही मिनिटंही लागतात, आणि तेवढा वेळ पडद्यावर एक अक्षर येत नाही. एकदा जमलं की तो ते टिपून ठेवतो, पुढच्या वेळी विचारत बसत नाही. किती तरी धडधाकट संगणक या काही मिनिटांत घाबरून बंद केले जात असतील आणि परत पाठवले जात असतील. रॅमचा दिवा विझला, डिस्प्लेचा लागून विझला, आणि मॉनिटरवर बोर्ड बनवणाऱ्याचं नाव आलं.

त्या रात्री आम्ही तिथेच थांबलो. वीज चमकत होती, म्हणून सगळं सॉकेटमधून काढून ठेवलं. मला झोप लागेना, डोक्यात जवळच उभं राहणारं एक यंत्र घोळत होतं.

औंढ्याजवळ दुधाळा इथे लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे, हे आता जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं सव्वीसशे कोटींचा खर्च मान्य केला आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची, आत निर्वात नळी आणि लेसर. दूर अंतराळात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच जी बारीक थरथर सुटते, ती मोजायची. त्या थरथरीनं चार किलोमीटरमध्ये पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाएवढा असतो. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला तो पहिल्यांदा टिपला. सगळीकडे त्या दिवसाचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र त्याआधीची वर्षं जास्त जवळची वाटतात. तिथल्या यंत्रांनी २००२ पासून निरीक्षणं सुरू केली होती, आणि २०१० पर्यंत अशी एकही थरथर त्यांना सापडली नाही. त्या काळात माणसं काय करत होती? जे सिग्नल येत होते त्यांतला एकेक नको असलेला आवाज ओळखून बाजूला करत होती. हा समुद्राच्या लाटांचा. हा रस्त्यावरच्या ट्रकचा. नंतरही हे काम थांबलेलं नाही. त्या दोनपैकी हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात मधूनच एक बारीक खरखर येऊ लागली. शोधत शोधत माणसं बाहेरच्या थंड नळ्यांपाशी पोचली. त्यांवर बर्फ साचायचा आणि तहानलेले डोमकावळे तो टोचून खायचे. बर्फावर चोचीच्या खुणा सापडल्या. मग त्यांनी स्वतः तसाच बर्फ फोडून पाहिला, तसाच सिग्नल आला, तेव्हा कुठे कावळ्यांवर दोष ठेवला. बर्फ फोडून पाहण्याचा तो टप्पा मला फार मोलाचा वाटतो. टेस्टर पेटल्यावर आमच्या खोलीत तेवढीच गोष्ट राहून गेली होती.

भारतात पहिल्यांदा डिजिटल संगणक बांधला गेला तोही असाच हातानं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं १९५० च्या दशकात टिफ्रॅक बांधला, १९६० मध्ये तो पूर्णपणे कामाला लागला. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, होते आणि व्हॉल्व्ह ही जळणारी वस्तू आहे. तो रोज चालू ठेवायचा म्हणजे रोज त्यातला कोण गेला ते हुडकायचं. पुण्यात १९९१ मध्ये परम हा महासंगणक तयार झाला, तो उभा करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. हिंगोलीहून गाडीत बसलं की पूर्णा-अकोला मार्गानं त्याच जिल्ह्यात उतरता येतं, इतका हा माणूस आमच्या बाजूचा. या लोकांच्या कामाची यशोगाथा आपण मुलांना सांगतो. त्यांच्या न चाललेल्या संध्याकाळी सांगत नाही, आणि त्या संध्याकाळींतच सगळं शिकणं असतं.

१९९९ मध्ये परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच्या पुढच्या दोन-चार वर्षांत तालुक्या-तालुक्यात संगणकाचे क्लास निघाले. एमएस-सीआयटीच्या बॅचला मीही बसलो. बाहेर चपला काढायच्या, मशीनवर कापड, लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर बॅचचं वेळापत्रक. त्या अभ्यासक्रमानं माझ्यासारख्या हजारो लोकांची भीड मोडली, त्याचे उपकार आहेत. पण शिकवणं पडद्यापासून सुरू झालं आणि पडद्यावरच संपलं. डबा उघडलेला आम्ही पाहिला नाही. मागे सील, सीलवर ‘हात लावू नका’. मशीन बंद पडलं की गावातून माणूस यायचा, नाहीच आला तर ते मशीन त्याच कापडाखाली कायमचं जायचं. आज कुठल्याही तालुक्याच्या शाळेत एका खोलीत असे संगणक रचून ठेवलेले दिसतील. भंगारच्या यादीची वाट बघत पडलेले. मला मनापासून वाटतं, ते भंगारात काढू नयेत. ते मुलांपुढे ठेवावेत, स्क्रू ड्रायव्हर द्यावेत आणि म्हणावं, कुठपर्यंत जिवंत आहे ते शोधा. मुलांच्या आया घरी हेच करतात. स्टार्टर उघडतात, फ्यूजची तार बांधतात, अंधारात तीन फेजचा माग काढतात. त्या शहाणपणाला शाळेत गुण नाहीत. दुधाळ्याचं यंत्र सुरू होईल तेव्हा त्याला शास्त्रज्ञ पुण्याहून आणि जगातून येतील. पण त्याच्या पंपांना, वायरींना, व्हॉल्व्हना रोज हात लावणारी माणसं लागतील, आणि ती औंढ्याची, वसमतची, सेनगावची असावीत असं मला वाटतं. त्यासाठी आत्ताच, दहा-बारा वर्षांच्या वयात, त्यांच्या समोर काहीतरी बंद पडलेलं असलं पाहिजे.

सकाळी आभाळ धुऊन निघालं होतं. बोर्ड पुठ्ठ्यावर पुन्हा चालवून पाहिला, चालला. पुन्हा डब्यात बसवला, पंखा अर्धा फेरा आणि टिक. पुन्हा बाहेर, चालला. आता प्रश्न एवढाच उरला की पुठ्ठ्यात आणि डब्यात फरक काय. उत्तर सरळ होतं : डबा लोखंडाचा आहे.

भाच्यानं रिकामा डबा उन्हात ओसरीवर आडवा ठेवला. बोर्ड पत्र्याला थेट टेकू नये म्हणून तळाशी पितळेचे छोटे सहा कोनांचे खांब फिरवून बसवलेले असतात, बोर्ड त्यांवर तरंगत राहतो आणि स्क्रू त्यांच्यातच बसतात. बोर्डाला जिथे भोक तिथेच खांब. भाच्यानं बोर्ड वरून धरला आणि ताई खाली वाकून कडेनं बघत राहिली. प्रत्येक भोकाखाली खांब होता. पण खालच्या बाजूला एक खांब असा होता की त्याच्यावर भोक नव्हतं. या डब्यात आधी धाकट्या मापाचा बोर्ड होता, दोनशे चव्वेचाळीस बाय दोनशे चव्वेचाळीसचा. त्याची खालची कड त्या खांबावर टेकत असे. नवा बोर्ड पूर्ण मापाचा, आणखी खाली उतरणारा. मोठ्या बोर्डाला लागणारे जास्तीचे खांब भाच्यानं बरोबर लावले होते. दुकानातून लागून आलेला हा एक तसाच राहिला होता, कारण उभ्या डब्यात, खोलीतल्या उजेडात, तो बाकीच्या खांबांसारखाच दिसत होता. बोर्ड उलटा करून पाहिला. कथलाच्या दोन टोकांवर पितळेची पिवळी खूण उमटली होती, नखाएवढी. दोन टोकं त्या खांबामार्फत पत्र्याला मिळत होती, एसएमपीएसला शॉर्ट दिसत होता आणि तो स्वतःहून बंद पडत होता. ज्याच्यावर आम्ही आदल्या रात्री बोर्ड जाळल्याचा आळ घेतला, त्यानंच दर वेळी क्षणार्धात वीज तोडून बोर्ड वाचवला होता.

भाच्यानं पक्कडीनं तो खांब काढला. बोर्ड बसवला, स्क्रू आवळले, वायरी लावल्या. तरी त्यानं सगळं एकदम जोडलं नाही, हे मला आवडलं. आधी रॅमची एकच पट्टी, मग दुसरी, मग डिस्क; दर वेळी सुरू करून बघायचं आणि मग पुढे. शेवटी पडद्यावर ओळ आली की सुरू करायला कुठलीही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) सापडली नाही. ती ओळ बरोबर होती, डिस्क कोरीच होती.

दुपारी दाजींनी अर्थिंगचं काम काढलं. परसात न्हाणीच्या पाण्याची वाट जाते तिथे खोल खड्डा खणला, कारण ओल टिकली तरच अर्थिंग टिकतं. आत लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाड मिठाचे थर घातले, तांब्याची वायर घट्ट आवळून ती सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला नेली. शेजारचा तोच टेस्टर मागून आणला. पत्र्याला लावला, पेटला नाही. दाजींनी लावून बघितला, मग ताईनं, मग ज्याचा टेस्टर होता त्यानं स्वतः.

संध्याकाळी भाचा स्टुडिओतून प्रणालीचा पेनड्राइव्ह घेऊन आला. ती चढत असताना त्यानं पुढचा बेत सांगायला सुरुवात केली. व्हिडिओचं काम घ्यायचं तर ग्राफिक्स कार्ड लागेल. एसएमपीएस किती वॉटचा आहे ते आधी बघावं लागेल, कार्ड किती खाईल ते बघावं लागेल, कार्डाला वेगळी वायर जाते ती याच्यात आहे का ते बघावं लागेल. बोटांवर मोजत तो बोलत होता आणि दाजी लक्ष देऊन ऐकत होते.

“किती जाईल?” दाजींनी विचारलं.

त्यानं आकडा सांगितला.

“औंदाची हळद लागू दे आधी,” दाजी म्हणाले. “भाव काय निघतो ते बघू, मग बोलू.”